शेवटच्या प्रयोगानंतर

शेवटचा प्रयोग संपतो, टाळ्या होतात, पडदा पडतो आणि पडद्यामागे हातोड्या निघतात. प्रेक्षागृह रिकामं होईपर्यंत थांबायचं, एवढाच काय तो शिष्टाचार. नट आरशासमोर बसून चेहऱ्यावरचा रंग पुसत असतात, कुणी कुणाच्या गळ्यात पडून रडत असतं. तेवढ्या वेळात, चार महिने ज्याला आम्ही सगळे 'घर' म्हणत होतो ते घर जमिनीवर आलेलं असतं.

मी तेव्हा बॅकस्टेजला होतो. वय बावीस. माझ्याकडे प्रॉपर्टी होती: चष्मा, पत्रांचा गठ्ठा, पाण्याचा जग आणि दुसऱ्या अंकात फुटणारा एक कप. सेट एका जुन्या घराच्या दिवाणखान्याचा होता. भिंती प्लायवूडच्या, खांब थर्माकोलचे. तापलेल्या तारेनं कापून, वर रंगाचे चार हात देऊन केलेले ते खांब दहाव्या रांगेतून अस्सल दगडाचे वाटायचे. शेवटच्या रात्री मीही हातात पहार घेतली. थर्माकोल मोडताना एक किरकिरा, दातांत शिरणारा आवाज येतो. पांढरे मणी अंगाला, केसांना, पायमोज्यांना चिकटतात. तासाभरात मागच्या आवारात ढीग झाला आणि ट्रक आला.

दरवाजाची पाळी आली तेव्हा सेट लावणारे काका मधे आले. बोलणं त्यांचं फार कमी.

"तो मोडू नका रे. तो खरा आहे."

तो दरवाजा खरंच खरा होता. कुठलंसं घर पाडताना त्यांनी तो उचलून आणला होता. सागवानी, जड, दोघांनी धरल्याशिवाय न हलणारा. चार महिने त्यातून आत-बाहेर करूनही मला हे माहीत नव्हतं. रंगमंचावर सगळंच खोटं असतं, म्हणून तोही खोटाच असणार असं मी धरून चाललो होतो. काकांनी तो चादरीत गुंडाळून बाजूला उभा केला. बाकीचं घर ट्रकमध्ये चढलं. शहरात ज्या दिशेला कुणी मुद्दाम जात नाही, त्या दिशेला तो ट्रक निघून गेला.

त्या रात्रीपासून नाटक बघताना माझ्या डोक्यात एक प्रश्न कायमचा बसला आहे. दिवे लागतात, सेट दिसतो, लोक 'वा' म्हणतात, मीही म्हणतो. आणि लगेच मनात येतं, हे सगळं नंतर कुठे जाणार?

*

ही उधळपट्टी नाटकाच्या रक्तातली नाही, असं मला वाटतं. उलट नाटकवाल्यांइतकं जुनं वापरणारी जमात दुसरी नसेल. एकाची शेरवानी उसवून दुसऱ्याचा कोट होतो. सिंहासनाची पाठ काढली की बाक, आणि त्याच बाकावर पांढरी चादर टाकली की इस्पितळ. रंगमंचाला वस्तूची नाही, खुणेची गरज असते. उरलेलं काम प्रेक्षक करतो, आणि आनंदानं करतो.

या काटकसरीचा मला सगळ्यात आवडणारा किस्सा लंडनचा आहे. १५७६ साली जेम्स बर्बेजनं तिथं 'द थिएटर' नावाचं नाट्यगृह बांधलं. इमारत त्याची, जागा मात्र दुसऱ्याची. करार संपला तशी कुरबुर सुरू झाली, आणि इमारतही आपलीच असं जागामालक म्हणू लागला. तेव्हा १५९८च्या डिसेंबरात, ऐन थंडीत, नटमंडळींनी पीटर स्ट्रीट नावाच्या सुताराला हाताशी धरून अख्खं नाट्यगृह सुटं केलं. तुळई तुळई मोजून उतरवली आणि पुढे थेम्स नदीपलीकडे नेली. १५९९ साली त्याच लाकडातून 'ग्लोब' उभं राहिलं. शेक्सपिअरचं म्हणून जग ज्याला ओळखतं ते नाट्यगृह, म्हणजे पाडकामातून वाचवलेलं लाकूड!

अर्थात त्यांनी हे पृथ्वीची काळजी म्हणून केलं नव्हतं. ओकचं मजबूत लाकूड महाग होतं, मजुरी त्यामानानं स्वस्त होती. आज नेमकं उलटं झालं आहे. प्लाय आणि थर्माकोल स्वस्त, आणि जागा महाग. सेट का मोडतात, याचं उत्तर कलाकारांच्या बेफिकिरीत शोधायला गेलं की सापडत नाही. ते गोदामाच्या भाड्यात सापडतं. एक दिवाणखाना वर्षभर ठेवायला जेवढा खर्च येतो, तेवढ्यात नवा दिवाणखाना उभा राहतो. मोठी ऑपेरागृहं आपले सेट वर्षानुवर्षं जपतात, कारण त्यांच्याकडे ठेवायला जागा असते आणि तेच प्रयोग पुन्हा लावायचे असतात. चार महिन्यांसाठी एकत्र आलेल्या संचाकडे यातलं काहीच नसतं.

जरा थांबून पाहिलं तर हे फक्त नाटकाचं नाही, सगळ्या शहराचंच वागणं आहे. घरात एक कपाट जास्त झालं की ते ठेवायचं कुठे, हा पहिला प्रश्न. दुरुस्त करणाऱ्याला बसायला कोपरा नाही, म्हणून दुरुस्ती नाही. जुनं ठेवायला जागा नाही, म्हणून जुनं नाही. शहरात वस्तू जुनी होऊन मरत नाही. तिच्या पायाखालची जागा काढून घेतली जाते.

म्हणूनच २०२१ साली ब्रिटनमधल्या रंगकर्मींनी 'थिएटर ग्रीन बुक' नावाची मार्गदर्शिका तयार केली, तेव्हा मला फार बरं वाटलं. त्यात नाटकाच्या कामातलेच प्रश्न आहेत. सेटमधलं किती सामान आधी कुठे तरी वापरलेलं आहे? प्रयोग थांबल्यावर त्यातलं किती पुन्हा वापरलं जाणार आहे? आणि हे प्रश्न तालमी सुरू होण्याआधी, नेपथ्यकाराच्या पहिल्या रेखाटनाच्या वेळीच विचारायचे. खिळा मारायचा की स्क्रू, यावर त्या लाकडाचं पुढचं आयुष्य ठरतं. स्क्रू उलटा फिरवता येतो. खिळा उपटताना लाकूड फाटतं. हे काकांना कुठलंही पुस्तक न वाचता माहीत होतं, फक्त त्यांना विचारायला कुणी जात नव्हतं.

*

आता त्या कपाबद्दल.

दुसऱ्या अंकात नायिकेच्या हातून कप पडून फुटायचा. दर प्रयोगाला एक नवा कप. अकरा प्रयोगांत दहा कप फुटले. एकदा तो न फुटता नुसता गडगडत गेला आणि प्रसंगाचा जीवच गेला. एकदा तुकडा उडून नटाच्या पायाला लागला. मग काकांनी एक पत्र्याचा डबा आणला. आधीच्या फुटलेल्या कपांचे तुकडे त्यात भरले, झाकण पक्कं बांधलं. बाराव्या प्रयोगापासून नायिका कप घेऊन विंगेत जायची, आणि मी आत तो डबा जमिनीवर आपटायचो.

पहिल्या रात्री मला खात्री नव्हती. डबा आपटला, आणि प्रेक्षागृहातून एक दबका 'हं!' आला. डोळ्यांसमोर कप फुटायचा तेव्हा असा आवाज कधी आला नव्हता. फुटताना न दिसलेला कप शेकडो माणसांच्या मनात, प्रत्येकाच्या घरातल्या कपासारखा फुटला होता. त्यानंतर उरलेले सगळे प्रयोग आम्ही त्याच तुकड्यांवर काढले.

नाटकाकडून मी जे काही शिकलो त्यात हा डबा सगळ्यात वरचा. कमी वापरलं म्हणून अनुभव कमी झाला नाही, वाढला. 'काटकसर' म्हटलं की आपल्याला काही तरी सोडून द्यावं लागणार, मन मारावं लागणार असं वाटतं. पर्यावरणाबद्दल बोलतानाही आपला सूर बहुतेक वेळा असाच उपासाचा असतो. त्या डब्यात उपास नव्हता.

*

सिनेमाची गोष्ट वेगळी. तो मला नाटकाइतकाच प्रिय आहे, पण त्याला 'दिसणं' भाग आहे. कॅमेऱ्यासमोर खूण चालत नाही. नाटकात 'बघ, पाऊस आला' एवढं म्हटलं की पाऊस येतो. सिनेमात टँकर बोलवावे लागतात. खरा पाऊस कॅमेऱ्याला धड दिसतही नाही. थेंब मोठे हवेत, मागून प्रकाश हवा, तेव्हा कुठे पडद्यावर पाऊस पडतो. एक शॉट चुकला की पुन्हा पाणी, पुन्हा कपडे वाळवणं, पुन्हा पाणी. नायक-नायिका चिंब भिजताना पाहून मीही हळवा झालो आहे. पण शहरातल्या एखाद्या गल्लीत रिकाम्या बादल्यांची रांग पाहिली त्या दिवशी तोच प्रसंग मला तसाच्या तसा पाहवला नाही.

बर्फाचं तर विचारूच नका. १९३०च्या दशकात हॉलिवूडमध्ये खोटा बर्फ म्हणून ॲस्बेस्टॉस वापरलं जायचं. पांढरं, हलकं, न जळणारं! ते श्वासातून फुप्फुसात जाऊन काय करतं, याचा तेव्हा फारसा कुणी विचार केला नाही. नट त्याखाली उभे राहून हसत होते.

आणि कधीकधी खरी जागाच खोटी करावी लागते. 'द बीच' या सिनेमासाठी थायलंडमधल्या माया बे या किनाऱ्यावर १९९९ साली वाळूचे उंचवटे सपाट केले गेले, तिथली मूळची झुडपं काढली गेली आणि 'स्वर्ग' वाटावा म्हणून नारळाची झाडं आणून लावली गेली. स्वर्गाला स्वर्गासारखं दिसण्यासाठी मेकअप! सिनेमानं तो किनारा जगभर पोचवला आणि मग जग तिथं पोचलं. शेवटी २०१८ साली तो पर्यटकांसाठी बंद करावा लागला आणि तीन वर्षांहून जास्त काळ बंद राहिला. नुकसानीबद्दलचा खटला तर वीस वर्षांहून अधिक चालला. शूटिंगचं युनिट काही आठवड्यांत गेलं होतं. पडद्यावरचं चित्र तिथंच राहिलं आणि त्या चित्राच्या मागून माणसं येत राहिली.

आकडाही सांगायला हवा. ब्रिटिश फिल्म इन्स्टिट्यूटनं इतरांबरोबर २०२० साली केलेल्या अभ्यासात, खूप मोठ्या बजेटच्या एका सिनेमामागे सरासरी २,८४० टन कार्बन डायऑक्साइडइतकं उत्सर्जन होतं असं दिसलं. त्यातलं निम्म्याहून थोडं जास्त एकट्या वाहतुकीचं. विमानं, ट्रक, गाड्या. म्हणजे स्फोट, सेट, दिवे यांपेक्षा जास्त धूर माणसं आणि सामान इकडून तिकडे नेण्यात. मला हा आकडा निराश करणारा वाटत नाही. ज्या खर्चाचा पडद्यावर मागमूसही नसतो, तो कमी केला तर पडद्यावरचं काय कमी होणार?

पण सिनेमाची सगळ्यात विलक्षण गोष्ट म्हणजे तो स्वतःच कचरा होऊन बसतो. सुरुवातीच्या काळातला फ्रेंच दिग्दर्शक जॉर्ज मेलिएस, ज्यानं पडद्यावर माणसाला चंद्रावर नेलं, त्याच्या सिनेमांच्या चारशेहून जास्त प्रती पहिल्या महायुद्धात फ्रेंच सैन्यानं घेतल्या आणि त्यातलं सेल्युलॉइड बुटांच्या टाचांसाठी वापरलं. फिल्मवरची चांदीही काढून घेता येत असे. १९२३ साली त्याचं नाट्यगृह पाडलं गेलं, तेव्हा उरलेल्या निगेटिव्ह त्यानं स्वतःच जाळून टाकल्या. पुढे तो पॅरिसच्या एका स्टेशनात खेळणी विकत होता. त्या बुटांचा विचार मनातून जात नाही. एखादा सैनिक चिखलातून चालतो आहे, आणि त्याच्या टाचेखाली चंद्र आहे.

अमेरिकेत मूकपटांच्या काळात झालेल्या कथापटांपैकी सुमारे ७० टक्के आज नाहीसे झाले आहेत. काही जळले, काही चांदीसाठी वितळवले, काही नुसतेच सांभाळले गेले नाहीत. ठेवायला जागा नव्हती. पुन्हा तेच.

आणि कॅनडातल्या डॉसन सिटीची गोष्ट याच्या अगदी उलट. ते गाव सिनेमांच्या प्रवासाचं शेवटचं ठाणं होतं. चित्रपट तिथं पोचेपर्यंत जुने झालेले असायचे आणि परत मागवण्याचा खर्च कंपन्यांना नको असायचा. रिळं साठत गेली. १९२९ साली तिथला पोहण्याचा जुना तलाव बुजवायचा होता, तेव्हा भर म्हणून ती रिळं त्यात टाकली गेली आणि वर आइस हॉकीचं मैदान झालं. १९७८ साली खोदकामात ५३३ रिळं वर आली. कायम गोठलेल्या जमिनीनं ती जपली होती. त्यात असे सिनेमे होते ज्यांची दुसरी प्रत जगात उरलेली नव्हती. जो नायट्रेट फिल्मचा प्रकार भपकन पेट घेतो म्हणून सगळे भितात, तो पन्नास वर्षं बर्फाळ मातीत शांत पडून राहिला. आज तशी गोठलेली जमीन जगात अनेक ठिकाणी वितळते आहे.

*

अंधाराबद्दल मला बरंच बोलायचं आहे.

जुनी नाटकं दिवसाउजेडी व्हायची. ग्रीसमधलं एपिडॉरसचं रंगस्थान इसवीसनापूर्वी चौथ्या शतकातलं. डोंगराच्या उतारावरच पायऱ्या रचलेल्या, सुमारे चौदा हजार माणसं बसतील एवढ्या. वीज नाही, माइक नाही, आणि तरी शेवटच्या रांगेपर्यंत शब्द जातो. २००७ साली काही संशोधकांनी दाखवलं की चुनखडीच्या त्या पायऱ्यांची रांग खालच्या पट्टीतली गडबड, कुजबुज गाळते आणि बोलण्याचा आवाज पुढे जाऊ देते. ज्या दगडावर प्रेक्षक बसतो, तोच दगड त्याला ऐकायला मदत करतो. उतार डोंगराचा, दिवा सूर्याचा.

मग नाटक छपराखाली आलं, मेणबत्त्या आल्या, गॅस आला आणि आगी आल्या. १८८१च्या ८ डिसेंबरला व्हिएन्नाचं रिंगथिएटर जळालं, शेकडो माणसं गेली. त्याच महिन्याच्या शेवटी लंडनच्या सॅव्हॉय थिएटरमध्ये रंगमंच पहिल्यांदा विजेच्या दिव्यांनी उजळला. मालक रिचर्ड डॉयली कार्ट स्वतः रंगमंचावर आले आणि त्यांनी लोकांसमोर एक पेटता दिवा फोडून दाखवला. हा फुटला तरी आग लागत नाही, बघा! तीन आठवड्यांपूर्वीची बातमी मनात असलेल्या त्या प्रेक्षकांना तो क्षण किती मोठा वाटला असेल. विजेनं नाटकाला आधी अभय दिलं, हे विसरून आज तिच्या नावानं बोटं मोडणं मला बरोबर वाटत नाही.

प्रश्न पुढचा आहे. जुना टंगस्टनचा हजार वॅटचा स्पॉट घेतलेल्या विजेतली नव्वद टक्क्यांहून जास्त वीज उष्णतेत घालवतो. मग ती उष्णता घालवायला वातानुकूलन हवं. म्हणजे आधी तापवा, मग थंड करा, दोन्हीची वीज भरा. एलईडी आल्यावर हे पुष्कळ कमी झालं. पण मला एक कबुलीही द्यायची आहे. टंगस्टनचा दिवा मंद होताना आधी पिवळा, मग केशरी, मग निखाऱ्यासारखा होत जातो आणि विझतो. संध्याकाळ मावळते तशी. मरणाच्या प्रवेशात तो उतरता प्रकाश मी पाहिला आहे. अजून आठवलं तरी घशाशी काही तरी येतं. २०१८ साली युरोपातल्या नव्या ऊर्जा नियमांमुळे असे दिवे जाणार असं दिसलं, तेव्हा तिथले प्रकाशयोजनाकार एकत्र येऊन लढले आणि रंगमंचासाठी सवलत मिळवली. मला दोन्ही बाजू पटतात. पण सभागृहाच्या पायऱ्या, स्वच्छतागृहं, लॉबी, बाहेरची रोषणाई, जाहिरातीचे फलक हे सगळं आधी बदला. निखाऱ्यासारखा विझणारा तो एक दिवा सगळ्यात शेवटी.

प्रेक्षागृह अंधारं करायची पद्धत तशी नवीच. १८७६ साली जर्मन संगीतकार वाग्नरनं बायरॉइट गावातल्या आपल्या नाट्यगृहात प्रेक्षकांवरचे दिवे मालवले, ती गोष्ट पुढे सगळीकडे रुजली. आज मला वाटतं की शहरातल्या माणसाला पुरता अंधार मिळण्याची ती एकमेव सार्वजनिक जागा उरली आहे. २०१६ साली कृत्रिम प्रकाशाचा जागतिक नकाशा प्रसिद्ध झाला. जगातल्या ८० टक्क्यांहून जास्त लोकांचं रात्रीचं आकाश उजेडानं मळलं आहे आणि एक तृतीयांश माणसांना आकाशगंगा दिसत नाही, असं त्यात आलं. मी शहरात वाढलो. आकाशगंगा मी पुस्तकात पाहिली. पण तिसरी घंटा झाल्यावरचा तो काळोख, ज्यात शेजारच्या अनोळखी माणसाचा श्वास ऐकू येतो, तो मला लहानपणापासून ओळखीचा आहे. त्या काळोखात माणसं गप्प होतात. मोबाइल उघडणाऱ्यावर सगळे चिडतात. एका लहानशा पडद्याचा उजेड शंभर माणसांना खुपतो! तीच माणसं बाहेर आल्यावर चौकातल्या डोळे दिपवणाऱ्या डिजिटल फलकाखालून निमूटपणे जातात. तिथं आपण प्रेक्षक आहोत, असं आपल्याला वाटत नाही.

काही देशांत रिकाम्या रंगमंचावर रात्रभर एकच बल्ब चालू ठेवतात, कुणी काळोखात अडखळून पडू नये म्हणून. त्याला ते भुताचा दिवा म्हणतात. २०२० साली नाट्यगृहं बंद पडली तेव्हा अनेक ठिकाणी महिनोन्‌महिने फक्त तो दिवा जळत होता. त्याचं छायाचित्र मी जपून ठेवलं आहे. रिकाम्या खुर्च्या, एक स्टँड, एक बल्ब. एका मोठ्या वास्तूला जागं ठेवायला तेवढा पुरतो.

*

घरी बसून सिनेमा पाहणं वाईट आणि नाट्यगृहात जाणं चांगलं, असं मला म्हणता येत नाही. मनातून म्हणावंसं वाटतं, पण हिशोब तसा नाही. कार्बन ट्रस्ट या ब्रिटिश संस्थेनं २०२१ साली युरोपसाठी काढलेल्या अंदाजात तासभर स्ट्रीमिंगमागे सुमारे ५५ ग्रॅम कार्बन डायऑक्साइड निघतो आणि त्यातला निम्म्याहून जास्त वाटा आपल्या घरातल्या टीव्ही-मोबाइलचा. गाडी काढून एकट्यानं थेट नाट्यगृहापर्यंत जाणं याच्या कितीतरी पट जड पडतं. प्रयोग कितीही हिरवा असो, प्रेक्षक कसा आला यावर सगळं फिरतं. म्हणून मी म्हणतो, नाटकाचं पर्यावरण शेवटच्या बसच्या वेळापत्रकात आहे. प्रयोग साडेअकराला संपणार आणि शेवटची बस अकराची, असं असेल तर त्या शहरानं प्रत्येक प्रेक्षकाला गाडी काढायला लावली. मी कित्येकदा शेवटचा प्रवेश सोडून धावत सुटलो आहे. काही नाटकांचे शेवट मला आजही फक्त ऐकून माहीत आहेत.

काहींनी हे मुळातूनच उलटं करून पाहिलं आहे. ब्रिटिश दिग्दर्शिका केटी मिचेल यांनी एक नाटक असं बांधलं, की ते गावोगाव फिरेल पण माणसं आणि सामान फिरणार नाही. प्रत्येक ठिकाणी तिथलाच संच ते करेल, आणि लागणारी वीज रंगमंचावरच सायकली मारून तयार होईल. फ्रेंच नृत्यदिग्दर्शक जेरोम बेल यांनी २०१९पासून आपल्या कामासाठी विमान सोडलं. मला यातलं विमान सोडणं जितकं भावतं, तितकीच ती सायकल भावते. कारण तिथं दिवा कशानं जळतो ते दिसतं. धाप दिसते. शहरात आपल्याला कशाचीच धाप दिसत नाही. नळ सोडला की पाणी, बटण दाबलं की उजेड, आणि पिशवी दाराबाहेर ठेवली की कचरा नाहीसा. सगळ्या श्रमाला विंगेत उभं केलेलं आहे.

पर्यावरणावरची बहुतेक नाटकं मात्र मला आवडत नाहीत, हेही स्पष्ट सांगतो. पृथ्वीच्या वेषात कुणी तरी रडत येतं आणि आपल्याला ओरडून जातं. नॉर्वेच्या इब्सेननं १८८२ साली लिहिलेल्या 'लोकशत्रू'ची ताकद वेगळी आहे. गावाचं उत्पन्न ज्या स्नानगृहांवर चालतं, त्यांचं पाणी कारखान्यांच्या घाणीनं दूषित झालं आहे, हे एक डॉक्टर शोधून काढतो. गावाचा महापौर त्याचा सख्खा भाऊ. सत्य सगळ्यांना कळतं आणि कुणालाच परवडत नाही. सत्यजित राय यांनी याचाच 'गणशत्रू' केला तेव्हा स्नानगृहांच्या जागी देवळाचं तीर्थ आणलं. तेवढ्या एका बदलानं सगळं नाटक आपल्या दाराशी आलं. एकशेचाळीस वर्षांपूर्वीचं हे नाटक पाहताना मी डॉक्टरच्या बाजूनं असतो. पण घरी आल्यावर स्वतःला विचारतो, माझ्या पगाराचा, माझ्या घराच्या किमतीचा प्रश्न असता तर चौथ्या अंकातल्या सभेत मी कुठे उभा असतो? उत्तर देताना मी अडखळतो, आणि म्हणूनच ते नाटक मला सोडवत नाही.

*

हल्ली जुने सिनेमे पाहताना मी नायकाच्या मागे पाहतो. रस्त्यावर चित्रित झालेला एखादा प्रसंग असतो, दोघं बोलत चालली असतात आणि माझं लक्ष त्यांच्या खांद्यावरून मागच्या झाडाकडे गेलेलं असतं. केवढं झाड! फुटपाथ केवढा रुंद! मुलं रस्त्याच्या मधोमध खेळताहेत, एक माणूस सायकलला टेकून उभा आहे, आणि मागे जो पक्षी ओरडतो आहे तो ध्वनिमुद्रकाला नको असणार, पण राहून गेला. दिग्दर्शकाला हे काहीच दाखवायचं नव्हतं. त्याला प्रेमकथा सांगायची होती. पण शहराची नोंद त्यानंच ठेवली, चुकून.

आज जे शूट होतंय त्याच्या मागे काय दिसतं, हेही मी पाहतो. बहुतेक वेळा मागे काहीच नसतं. हिरवा पडदा असतो, त्यावर पुढे शहर भरलं जातं.

*

काकांनी वाचवलेला तो दरवाजा पुढे बऱ्याच नाटकांत आला. पोलीस ठाण्याचा झाला, शाळेचा झाला, एका नाटकात तर आडवा टाकून त्याची होडी केली होती. प्रत्येक वेळी नवा रंग. काका आता सेट लावत नाहीत, गुडघे राहिले नाहीत त्यांचे. गेल्या वर्षी एका तरुण संचाला दरवाजा हवा होता. काकांनी मला फोन करून सांगितलं, "तू जा, उघडून दे त्यांना. आणि स्क्रूच लावा म्हणावं."

मुलं आली, टेम्पो घेऊन. दरवाजा बाहेर काढताना चौकटीला घासून कडेचा टवका उडाला. मी वाकून पाहिलं. वरचा करडा, त्याखाली निळा, मग विटकरी, मग पांढरा, पुन्हा निळा पण वेगळा, पोलीस ठाण्याचा. त्याखाली पिवळा, तो आमच्या दिवाणखान्याचा. आणि सगळ्यांच्या तळाशी गडद हिरवा, कुठल्याच नाटकातला नसलेला. ज्या घरातून तो आला होता, त्या घराचा असावा.

"रंग कुठला द्यायचाय?" मी विचारलं.

"अजून ठरलं नाही," त्यांच्यातली एक मुलगी म्हणाली. तिनं टवक्यावरून अंगठा फिरवला. "असाच ठेवला तर?"

मग आम्ही चौघांनी मिळून तो उचलला. जड होता. मधे दोनदा खाली ठेवावा लागला.